ढोल, गळा आणि झांज

महाडात हेडफोन घ्यायला आलेल्या माणसाचं पहिलं वाक्य कॅसेटच्या काळापासून बदललेलं नाही. "काका, भारी बास पायजे." कारखान्यातली पाळी संपवून आलेला असो की रायगड उतरून आलेला पर्यटक, बास हवाच. बास म्हणजे नक्की काय हवं, असं विचारलं की माणूस कानाऐवजी छातीला हात लावतो. "हितं वाजलं पायजे." कानात घालायच्या वस्तूने छातीत कसं वाजवायचं, ते बघण्याचं काम माझं.

एसटी स्टँडजवळ माझं दुकान आहे. सुरुवात रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीने झाली. मोबाईल आले आणि दुरुस्तीचे दिवस गेले. मग मोबाईलची कव्हरं, चार्जर, असल्या फुटकळ वस्तू विकणं आलं. ते मी पोटासाठी केलं. हेडफोन मात्र हौसेने विकले. लोक मला 'कानवाले काका' म्हणू लागले आणि ते ऐकून मी मनातल्या मनात थोडा फुगलो, हे कबूल करतो. आता दुकान सुनेच्या, सायलीच्या हातात आहे. मी बाजूच्या खुर्चीत बसतो आणि कुणी न विचारता सल्ले देतो.

हेडफोन निवडायची विद्या काही अगाध नाही. आवाजाचे मी तीन भाग पाडले आहेत. खालचा तो ढोल, मधला तो गळा आणि वरचा तो झांज. इंजिनिअर लोकांची नावं वेगळी असतील, पण पोलादपूरहून आलेल्या माणसाला ही तीन नावं लगेच समजतात. प्रत्येक हेडफोन या तिघांपैकी कुणाचा तरी लाड करतो. हळदीतला बेंजो ऐकणाऱ्याला ढोल जास्त हवा. गाण्याचे शब्द ऐकणाऱ्याला गळा पुढे हवा, कारण ढोल फार झाला की गाणारा विहिरीत उतरून गातोय असं वाटतं. भजनवाल्याचं काम सगळ्यात अवघड. त्याला तिन्ही हवेत आणि एकाने दुसऱ्याच्या पायावर पाय द्यायचा नाही. म्हणून "कुठला चांगला?" या प्रश्नाला माझं उत्तर नेहमी एकच, "तुम्ही ऐकता काय, ते आधी सांगा."

बासची निम्मी रड तर मालाची नसतेच. रायगडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडीला पिठलं-भाकरीचा स्टॉल चालवणारी एक मावशी कानात घालायचे इअरफोन परत घेऊन आली. "जराबी बास नाय यात. फसवलंत मला." मी इअरफोनच्या टोकाचं रबर काढून मोठ्या मापाचं बसवलं आणि इअरफोन परत तिच्या कानात घातले. रबर सैल असलं की ढोल बाजूच्या फटीतून पळून जातो, एवढीच गोष्ट. मावशीने डोळे मोठे केले. "काय घातलंत आत?" तेव्हापासून ती गडावर येणाऱ्यांना सांगते की महाडात एक माणूस मंत्र घालून देतो.

माल पारखायची माझी स्वतःची रीत होती. जुन्या मोबाईलमध्ये मी तीन गोष्टी भरून ठेवल्या होत्या. एका हळदीतला बेंजो, आमच्या आळीतलं भजन आणि आमच्या हिने वाचलेली किराणा मालाची यादी. शेवटची गोष्ट ऐकून लोक हसतात, पण ज्या आवाजाची पुरेपूर खात्री आहे, तोच माप म्हणून वापरावा. हिचा आवाज घरच्यासारखा आला तर हेडफोन खरा. घरच्यापेक्षा गोड आला तर तो हेडफोन खोटं बोलतोय, असं समजायचं.

आता नितीनची गोष्ट. नितीन वीरच्या रेल्वे स्टेशनवर रिक्षा लावतो. त्याला बाजारातला सगळ्यात मोठ्या बासचा, कान पूर्ण झाकणारा हेडफोन हवा होता. मी म्हटलं, "अरे, गाडी आलेली तुला कळणार कशी?" म्हणाला, "काका, गाडी येती ती आख्ख्या स्टेशनाला कळते." घेऊन गेला. चौथ्या दिवशी परत आला, चेहरा उतरलेला. रिक्षात मागे रेलून बेंजो ऐकत पडला होता. गाडी आली, माणसं उतरली, बाकीचे रिक्षावाले भरून निघाले आणि स्टेशन रिकामं झालं. याने डोळे उघडले तेव्हा समोर फक्त एक कुत्रं होतं. "काका, गाडी आली नि गेली बी!" मी त्याला बाहेरचा आवाज आत येऊ देणारा, कानावर नुसता टेकणारा हेडफोन दिला. ढोल कमी झाला, भाडी वाढली.

दुसरं गिऱ्हाईक पोलादपूरच्या कांबळे बाई. शाळेत शिकवतात आणि जयंतीच्या कार्यक्रमांत गातात. त्यांनी पहिल्याच दिवशी मला गप्प केलं होतं. मी बासबद्दल बोलायला लागलो तर म्हणाल्या, "काका, आमची गाणी शब्दांवर चालतात. ढोलकी ऐकून कुणी शहाणं होत नाही. शब्द कळला पाहिजे." मी त्यांना गळा पुढे असलेला हेडफोन काढून दिला. बाईंनी डोळे मिटून एक गाणं पूर्ण ऐकलं आणि म्हणाल्या, "आता श्वास घेतलेलाही कळतो." त्या दिवशी जेवताना मी हे वाक्य घरात तीन वेळा सांगितलं.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो, ते.

कुडपणचे धोंडूदादा गावच्या भजन मंडळात पखवाज वाजवतात. कुडपण म्हणजे पोलादपूरच्या वर डोंगरमाथ्यावरचं गाव. निम्मं मंडळ गावात शेती करतं, निम्मं मुंबईत नोकरीला. बुवा, म्हणजे मुख्य गाणारे, तेही मुंबईतच. मग तालीम होणार कशी? बुवा नव्या चाली तिकडे बसवतात, रेकॉर्ड करून मोबाईलवर पाठवतात आणि इकडे गावातली माणसं त्या ऐकून ऐकून हात बसवतात. मुंबईची मंडळी गणपतीच्या आदल्या दिवशी उतरतात आणि दुसऱ्या दिवशी सगळे एकदम भजनाला बसतात. एकत्र तालीम म्हणून नाही. फोनवर जे ऐकू आलं, ती शिदोरी.

गणपतीला महिना होता तेव्हा धोंडूदादा दुकानात आले. वय माझ्याएवढंच, बोटं मात्र माझ्या दुप्पट जाड. इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "शेठ, कानाला लावायचं चांगलं यंत्र द्या. गेल्या साली दोन चाली चुकल्या माझ्या. बुवांनी मुंबईत नवा वाजवणारा बघितलाय. यंदा चुकलो तर पखवाज त्याच्याकडं जाईल."

बापाचा पखवाज. त्याच्या आधी आजाने वाजवलेला. मी म्हटलं, "दादा, काळजी सोडा." चार-पाच हेडफोन काढले, आमच्या आळीतलं भजन लावलं आणि नेहमीच्या रीतीने आधी त्यांच्या कानाला, मग माझ्या कानाला, असं करत निवड केली. शेवटचा शब्द नेहमी माझ्या कानाचा. एका हेडफोनात झांज अशी स्वच्छ आली की मला खूप दिवसांनी भजन पूर्ण ऐकल्यासारखं वाटलं. मी तोच त्यांच्या हाती दिला. "झांज ठेका धरून ठेवते. ती नीट ऐकू आली की हात चुकणार नाही." धोंडूदादांनी कपाळाला जराशी आठी घालून ऐकलं आणि म्हणाले, "बरा हाय. तुमी म्हंता तर बराच असणार."

ती आठी मला दिसली होती. मी तिच्याकडे बघितलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

दोनेक आठवड्यांनी कांबळे बाई आल्या. जुना हेडफोन तुटला म्हणून मी त्यांना मे महिन्यात नवा दिला होता. तो त्यांनी काउंटरवर ठेवला. दोन्ही बाजूंना आतून कापूस चिकटवलेला. "काका, राग मानू नका. आधीचा माणसासारखा गायचा. हा सुई टोचतो. कापूस लावून ऐकते मी." मला राग आलाच. म्हटलं, "बाई, कंपनीने माल बदलला असेल." बाई शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "माल बदलला असेल, पण निवडला तुम्ही."

त्या गेल्यावर सायली जरा चाचरत बोलली. "बाबा, नितीनभाऊपण म्हणत होता, नव्या हेडफोनात शिट्टी वाजल्यासारखं होतं. तुम्हाला सांगू नको म्हणाला. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"अजून कोण म्हणत होतं?"

तिने चार नावं सांगितली. मी चिडून काहीतरी बोलणार, तेवढ्यात तिने माझ्या खुर्चीमागचा चार्जर ओढून काढला. "आणि हा चार्जर सकाळपासून केवढा कर्कश वाजतोय. तुम्ही त्याच्या शेजारी बसलाय कसे?"

मी मागे वळून चार्जरकडे बघितलं. मला त्याचा आवाज येत नव्हता. तिने तो परत लावला. "आता?" नाही. कानाशी आणला. "आता?" मला भिंतीवरच्या पंख्याची घरघर ऐकू येत होती, रस्त्यावरचा हॉर्न ऐकू येत होता, चार्जर मुका होता. माझी झांज गेली होती. कधी गेली ते मलाही कळलं नव्हतं. आणि माझ्या कानातली ती उणीव भरून काढायला मी गावभर सुया विकत सुटलो होतो. लोकांनी कापूस लावला, रुमाल गुंडाळले, पण 'कानवाल्या काकां'ना कोण सांगणार?

नंतर डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं. वयाने वरचे सूर जातात, घाबरण्यासारखं काही नाही. घाबरलो होतो मी त्या दिवशी दुकानात, आणि तेही स्वतःसाठी कमी. धोंडूदादांची आठी डोळ्यासमोर आली. गणपतीला बारा दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पिशवीत चार हेडफोन घेऊन मी निघालो. पिशवी सायलीने भरली आणि दारातून ओरडून सांगितलं, "बाबा, तिथे जाऊन एकही शब्द बोलायचा नाही. त्यांना निवडू द्या." सासऱ्याला एवढं सुनावणारी सून मिळायला भाग्य लागतं, असं आता म्हणतो. तेव्हा मनात दुसरंच म्हटलं होतं.

पोलादपूरहून जीप वळणं घेत वर चढली. कुडपणला धुकं होतं. धोंडूदादांच्या पडवीत वहिनी काकड्या चिरत बसल्या होत्या.

"दादा?"

"गवताला गेल्यात. येतील आता. बसा, काकडी खावा."

पखवाज खुंटीला टांगलेला होता, खोळीत. मी विचारलं, "तालीम जोरात असेल?"

वहिनींचा हात थांबला. "आठ दिस झालं, त्यांनी कणीक मागितली नाय मला."

पखवाजाच्या डाव्या बाजूवर ओली कणीक थापल्याशिवाय तो घुमत नाही. दरवेळी ताजी मळावी लागते. कणीक मागितली नाही याचा अर्थ पखवाजाला हातच लावला नाही. हातातली काकडीची फोड मी परत पाटीत ठेवली.

धोंडूदादा डोक्यावर भारा घेऊन आले. मला बघून दचकले. "शेठ, तुमी हितं? हेडफोन चांगला हाय तुमचा. दोष माझा हाय. झांजच झांज येती कानात, डाव्या हाताची थाप कुठं पडती ते कळतच नाय. परवा बुवांना फोन केला. सांगितलं, माझा कान गेला, यंदा तुमचा माणूस बसवा."

मी ही गोष्ट तोवर घरातही धड कबूल केली नव्हती. आमच्या हिलाही चार्जरचं हसत हसत सांगून टाकलं होतं. आता हसू आलं नाही. "दादा, तुमचा कान जागेवर आहे. गेलाय तो माझा. मला झांज ऐकू येत नाही म्हणून मी तुम्हाला झांजच झांज दिली."

धोंडूदादांनी भारा खाली टाकला. माझ्याकडे बघितलं, मग वहिनींकडे. मग एकदम खदखदून हसायला लागले. "म्हंजे आंधळ्याला वाट इचारीत व्हतो आमी! अवो, मी तीन आठवडं सवताला भैरा समजतोय!" वहिनीही पदर तोंडाला लावून हसल्या. मला हसावं की रडावं कळेना. म्हणून दोन्ही थोडं थोडं केलं.

मग मी पिशवीतले चारही हेडफोन घोंगडीवर मांडले आणि तोंडाला कुलूप घातलं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात कठीण अर्धा तास तो. धोंडूदादांनी बुवांची नवी चाल लावली. पहिला घातला, मान हलवली, ठेवला. दुसरा बराच वेळ ऐकला. तिसरा घातला तेव्हा माझ्या अगदी ओठांवर आलं की हाच घ्या. मी काकडीचा मोठा तुकडा तोंडात कोंबला. चौथा घातला आणि परत दुसरा उचलला.

दुसरा म्हणजे वर्षभर कुणी न घेतलेला, मी 'गोणपाटातून वाजतो' म्हणून फळीवर मागे सारलेला हेडफोन. सायलीने मला न विचारता पिशवीत टाकला होता. धोंडूदादांनी डोळे मिटले. आधी मान डोलली. मग डावा हात मांडीवर पडला. एकदा चुकला. चाल मागे नेऊन परत लावली. पुन्हा पडला, आणि आता बरोबर जागी पडला, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मलाही कळलं. कानावर हेडफोन तसाच, त्यामुळे ते सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं ओरडले, "अगो, कणीक मळ गो!"

वहिनी उठल्या त्या काकडीची पाटी ओलांडून धावतच आत गेल्या.

गणपतीला मी कुडपणला गेलो. आमंत्रण होतंच, पण नसतं तरी गेलो असतो. दुपारी पूजा-आरती आटोपली आणि मंडळ बसलं. मुंबईचा नवा वाजवणारा आला होता, चेनच्या पिशवीतून स्वतःचा पखवाज घेऊन. मुलगा अदबशीर होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. बुवा म्हणाले, "दादा, तुम्ही फोन केला होता ना, की यंदा..."

"केला व्हता. आता इसरा," धोंडूदादा म्हणाले आणि जाऊन पखवाजामागे बसले.

पहिले दोन अभंग जुन्या चालीचे. त्यात काय चुकणार? तिसऱ्याला नवी चाल आली. बुवा गाताना अर्धे पखवाजाकडे वळून बसले होते, नजर धोंडूदादांच्या हातावर.  बुवांनी सूर लांबवला, लांबवला आणि सोडला. ज्या जागी थाप हवी होती, त्याच जागी धोंडूदादांचा डावा हात पडला. पडवीची जमीन माझ्या मांडीखाली घुमली. छातीतही वाजलं. गिऱ्हाईकं इतकी वर्षं काय मागत होती ते मला त्या दिवशी पुरतं कळलं. पुढच्या कडव्याला बुवांनी पखवाजाकडे पाठ केली आणि गणपतीकडे तोंड करून मोकळ्या गळ्याने गायला लागले. नव्या मुलाने कधी झांज उचलली आणि साथीला बसला, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

झांजेकडे मी मुद्दाम बघितलं. त्याचे हात जोरात चालले होते. माझ्यापर्यंत पोचत होता तो तिचा बोथट आवाज. तिची लखलख मात्र येत नव्हती. मला रडू आलं. थोडं झांजेसाठी, बरंचसं पखवाजासाठी.

निघताना धोंडूदादांनी माझा तो पहिला हेडफोन हातात ठेवला, जुन्या वर्तमानपत्रात नीट गुंडाळून. मी नको नको म्हणालो. ते म्हणाले, "न्या वो. टाकून द्यायची वस्तू नाय ती. कुणाच्या तरी कानाची असंल."

दुकानात आता रीत बदलली आहे. माझा जुना मोबाईल अजून वापरतो, आमच्या हिची किराणा यादीही अजून गिऱ्हाईकांना ऐकवतो, पण हेडफोन माझ्या कानाला लागत नाही. मी फक्त विचारतो, "तुम्हाला काय ऐकू येतं?" आणि कपाळावरच्या आठ्या बघतो. कांबळे बाईंना त्यांनी स्वतः निवडलेला मिळाला, कापूस लावावा लागत नाही. नितीनने पुन्हा एकदा मोठ्या बासचा मागितला. सायलीने त्याला सरळ नाही म्हणून सांगितलं.

कुडपणच्या त्या दुपारचं भजन मी मोबाईलवर भरून घेतलं होतं. परतीच्या जीपमध्ये सहज म्हणून वर्तमानपत्र सोडवलं, तो परत आलेला हेडफोन कानावर चढवला आणि भजन लावलं. झांज आली. अगदी तशीच, पोरवयात देवळाच्या पायरीवर बसून ऐकलेली, धारदार आणि लख्ख. जीपवाल्याने आरशातून मला डोळे पुसताना बघितलं असेल तर त्याला वाटलं असेल, म्हाताऱ्याला वळणं लागली.

तो हेडफोन मी विकायला ठेवलेला नाही. दुपारी दुकान रिकामं असलं की तोच लावून बसतो. डाव्या हाताची थाप त्यात नीट लागत नाही, पण ती मी समोर बसून ऐकली आहे. आयुष्यभर लोकांना त्यांच्या कानाचा हेडफोन देत आलो. माझ्या कानाचा मला धोंडूदादांनी दिला.